नववी 'क'मधली खुर्ची

सेलिन, आधी मला एक सांग, तू नक्की करायचीस तरी काय गं?

तुझा वर्ग माझ्याकडे आल्यापासून मी याच एका गोष्टीच्या मागे लागले आहे. रडले नाही असं समजू नकोस. स्टाफरूममध्ये तुझ्या खणात अर्धी खाल्लेली नानकटाई कागदात गुंडाळून ठेवलेली सापडली, तेव्हा चांगली हमसून रडले. शिपायाने पाणी आणून दिलं, ते प्यायले आणि तासाला गेले. पण रडून झाल्यावरही प्रश्न जागचा हलला नाही. ती पोरं तुझ्यासमोर इंग्रजीत बोलायची आणि माझ्यासमोर बोलेनात. असं का?

तुला मातीत ठेवून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी हेडसरांनी मला बोलावलं. "परबबाई, नववी 'क' तुम्ही घ्या. आणि तो खुर्चीचा तमाशा आता पुरे. जर-तरची वाक्यं फळ्यावर लिहून द्या, पाठ करून घ्या. परीक्षा तोंडावर आलीय, पोरं पास झाली म्हणजे झालं." हे सगळं मी तुला किती वर्षं सांगत होते! शब्द न् शब्द माझेच होते. मी "हो सर" म्हणून निघायला हवं होतं. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला राग आला. का आला ते तूच जाणे. मी म्हटलं, "सर, मला थोडं बघू तर द्या." ते म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या शुक्रवारी मी येऊन मागच्या बाकावर बसतो. पोरं बोलली तर विचार करू. नाही बोलली तर खुर्ची बंद, आणि मग माझ्याशी वाद नाही घालायचा."

म्हणजे बघ, तुझी खुर्ची वाचवायचं काम कुणाकडे आलं, तर तिच्या नावाने रोज बोटं मोडणाऱ्या माझ्याकडे.

ती खुर्ची मी दारातून कितीदा पाहिली असेल. तू बाक भिंतीला सरकवायला लावायचीस, मधोमध एक खुर्ची, तिच्यावर एक पोर. बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे, आणि प्रत्येक प्रश्नाची सुरुवात 'इफ'ने. खुर्चीवरच्याने खरं उत्तर द्यायचं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना. नियम एकच. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न विचारायचा नाही. वर्गाला संशय आला की हा उगाच विचारतोय, की सगळ्यांनी बाकावर हात आपटायचे आणि प्रश्न बाद. शेजारी माझी 'ब' तुकडी 'जर तू अभ्यास केलास तर तू पास होशील' याचं भाषांतर करत असायची आणि भिंतीपलीकडून तुझ्या बाकांचा धडाडधूम. खडू ठेवून मी तणतणत तुझ्या दारात यायची. तू हसून म्हणायचीस, "आलीस? ये, बस ना एकदा खुर्चीवर." मी म्हणायची, "मला कामं आहेत."

पण खरं सांगू, भांडायला यायची आणि ऐकत उभी राहायची. एकदा मार्व्याची भारती खुर्चीवर होती, ती कोळ्यांची, बोलताना नाकावर पदर असल्यासारखी ओढणी धरणारी. कुणी तरी विचारलं, "इफ युवर फादर ब्रिंग बिग घोळ, हू विल ईट द हेड?" घोळ माशाचं डोकं घरात कुणाच्या वाट्याला येतं! भारतीने जराही न अडखळता सांगितलं, "इफ फादर इज हॅपी, माय मदर. इफ फादर इज अँग्री, कॅट." सगळा वर्ग खिदळला, तू तर खुर्चीच्या मागे वाकून हसत होतीस. मी दारात उभी राहून तिच्या वाक्यातल्या चुका मोजत होते, आणि मनात म्हणत होते, या मुलीने हे वाक्य पाठ केलेलं नाही. मग आलं कुठून?

माझ्याकडे त्याचं एक उत्तर होतं, आणि ते मी बरीच वर्षं जपलं. तू परेरा, म्हणजे घरात इंग्रजी. पालकांचीही तीच समजूत, आणि हेडसरांनी तुला इंग्रजी दिलं तेही तुझं आडनाव बघून. म्हटलं, हिच्या तोंडात भाषा जन्मापासून आहे, पोरांना ती वाऱ्याने लागते, आपलं काय, आपण पुस्तकातून शिकलेलो. मग तुझ्या गावठाणातल्या सणाला तू मला जेवायला नेलंस. अंगणात दगडी क्रूस, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, आणि लुगडं नेसलेली तुझी आई. तुम्ही दोघी एकमेकींशी जे बोलत होतात ते मराठीच होतं, फक्त इतकं जुनं आणि हेल काढलेलं की मला निम्मं कळेना. मी विचारलं, "घरी इंग्रजी कोण बोलतं?" तू म्हणालीस, "रेडिओ." पोटात दुखेपर्यंत हसलीस आणि वर मलाच दम दिलास, "शाळेत सांगू नकोस हं, हेडसर मला शिवणकाम देतील." त्या दिवसापासून माझ्याकडे कारणच उरलं नाही. तू माझ्याइतकंच घासून इंग्रजी शिकली होतीस.

मग मी दुसरं कारण काढलं की तू भोचक आहेस. रागावू नकोस, होतीसच. मालाडच्या बाजारात भाजी घेताना भाजीवालीला विचारायचीस, आज सगळा माल खपला तर लवकर घरी जाशील का आणखी आणशील? गुरख्याला, बसच्या कंडक्टरला, कुणालाही. मी लाजेने पुढे निघून जायची. एकदा घरी आलीस आणि माझ्या आईला विचारलंस, "काकी, तुम्हाला कोकणात परत जायला मिळालं, तर जाल?" मी मनात म्हटलं, हा काय प्रश्न झाला? आईचं अर्धं आयुष्य गावच्या आठवणी काढण्यात गेलं. ती जाणारच. आई सुपातले तांदूळ निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "नाय गो. थंय माका आता कोण वळाखता?" मी तिची मुलगी. तिच्या हातचं जेवून मोठी झाले, आणि हे मला ठाऊक नव्हतं. तू मात्र मान डोलावलीस आणि लगेच पुढचं विचारलंस, की मग इथे कोण कोण ओळखतं. आई बोलतच बसली.

तरीही दिनेशच्या वेळी मी तुझ्याशी खरी भांडले, आणि ते भांडण मिटलं नाही, ते तसंच राहिलं. चारकोपच्या नव्या बैठ्या घरांतला तो मुलगा, बापाची गिरणी संपात गेली ती गेलीच. माझेही वडील गिरणीत होते, म्हणून मला जास्त लागलं असेल. तो खुर्चीवर असताना एकाने विचारलं, "इफ मिल ओपन, युवर फादर विल गो?"  दिनेश म्हणाला, "नो. इफ मिल ओपन ऑल्सो, ही विल नॉट गो. नाऊ ही इज ड्रायव्हिंग रिक्षा. नाऊ ही इज सिंगिंग." बाप रिक्षा चालवतो आणि गाणी म्हणतो.  तास संपल्यावर मी तुला व्हरांड्यात गाठलं. "लाज नाही वाटत? पोराचं घर उघडं पाडलंस सगळ्यांसमोर." तू म्हणालीस, "शुभे, सगळे त्याला बिचारा म्हणून वागवतात. त्याला कुणी विचारलंच नव्हतं गं." मी म्हटलं, "आणि उत्तर वाईट असतं तर? रडला असता तर?" तू म्हणालीस, "तर रडला असता. तेही मला ठाऊक नव्हतं." मला हे आजही पूर्ण पटलेलं नाही. एखाद्या पोराला ते सहन झालं नसतं तर तू काय केलं असतंस, हे मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. आपण दोन दिवस बोललो नाही, मग तू डब्यातलं सुकं माझ्या पोळीवर वाढलंस आणि विषय तिथेच राहिला.

आता तू गेल्यानंतरचं ऐक. सोमवारी मी वर्गात गेले, बाक सरकवायला लावले, खुर्ची ठेवली, भारतीला बसवलं. म्हटलं, मी सुरुवात करते. "इफ इट रेन्स, व्हॉट विल यू डू?" ती म्हणाली, "आय विल टेक अंब्रेला." पुढे? पुढे काही नाही. मी विचारलं, "इफ यू स्टडी वेल?" ती म्हणाली, "आय विल पास." कुणी बाकावर हातसुद्धा आपटला नाही. तेवढा मान ठेवला त्यांनी माझा, आणि तोच मला जास्त झोंबला. मंगळवारी तेच. भारती ओढणी धरून खाली बघत बसली. तासानंतर मी तिला थांबवलं, "अगं, परेराबाईंसमोर तर पटापटा बोलायचीस. मग आता काय झालं?" ती चाचरत म्हणाली, "बाई, तुम्हाला सगळं ठाऊक असतं ना." मला वाटलं ती माझं कौतुक करतेय. घरी जाईपर्यंत खूशही होते, इतकी मी मठ्ठ.

सातव्या दिवसाच्या मिस्सेला मी चर्चमध्ये आले होते, तुझ्या आईच्या शेजारी बसले. मिस्सा झाल्यावर तुमच्या घरी सगळ्यांना चहा. तुझ्या आईने माझा हात सोडला नाही. मी तिला सरळ विचारलं, "माई, सेलिन इंग्रजी बोलायला कशी शिकली?" म्हातारी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली असेल. म्हणाली, "शाळेत तोंड उघडत नव्हती, बाय. मार खायची पण बोलायची नाही." मग एकदा परदेशातून नवीनच आलेली एक सिस्टर गावठाणात फिरत तुमच्या अंगणात आली. दोरीवर बोंबील वाळत होते. तिने आयुष्यात बोंबील पाहिला नव्हता. ती तुझ्यापाशी उकिडवी बसली आणि विचारू लागली, हे काय, किती दिवसांनी वाळतं, ऊन नसलं तर काय? आजूबाजूला इंग्रजी येणारं कुणी नाही. आणि तू, परकर नेसलेली, नाक पुसत म्हणालीस, "इफ सन कम, गुड. इफ क्लाउड कम, स्मेल कम." सिस्टरने विचारलं, "अँड इफ अ डॉग कम्स?" तर तू म्हणालीस, "इफ डॉग कम, माय ग्रँडमदर कम विथ स्टिक." हे सगळं त्या माउलीला इंग्रजीतच पाठ आहे. तिला अर्थ विचारला तर म्हणाली, "अर्थ कशाला, पोरगी बोलली ना!"

मी चहाची कपबशी खाली ठेवली. मग तुझा राग आला. एवढी वर्षं माझ्याशी वाद घातलास, हे एकदा सांगायला काय झालं होतं? त्या सिस्टरला खरोखर ठाऊक नव्हतं, आणि तुला ते दिसलं. भारतीला माझ्या तोंडावर उलटं दिसत होतं. पाऊस पडला तर ती छत्री घेईल हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही. मग तिने बोलावं कुणासाठी? तुला भारतीच्या घरी घोळीचं डोकं कोण खातं हे जाणून घ्यायचं होतं. ते कळलं नसतं तर तुला चैन पडलं नसतं. एवढंच होतं का गं? का अजून काही होतं जे मला अजून दिसत नाही?

शुक्रवार उजाडला. हेडसर आले, मागच्या बाकावर पाय आखडून बसले. पोरांचे चेहरे पाहून मला कळलं की आज कुणाला खुर्चीवर बसवलं तर ते पोर रडेल. दुसरं काही सुचेना, म्हणून मी स्वतःच जाऊन बसले. "आज मी. तुम्ही विचारा." तुझ्या त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, हे बसल्यावर कळलं. सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय आणि आपल्या हातात पुस्तक नाही, हे पोरांना कसं वाटत असेल तेही तेव्हाच कळलं.

 मग भारती उठली. ओढणी सोडली, एकदा मागे हेडसरांकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, इफ हेडसर क्लोज द चेअर, व्हॉट यू विल डू?"

पोरांना सगळं ठाऊक होतं, सेलिन. शाळेत काय लपतं? मी वाट बघत होते की कुणी तरी बाक वाजवेल आणि माझी सुटका होईल. कुणी वाजवला नाही. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, मला तर मुळीच नाही. या शाळेत लागल्यापासून मी हेडसरांच्या शब्दाबाहेर गेलेली नाही. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून तोंडात एक वाक्य येईना. शेवटी म्हटलं, "आय डोन्ट नो."

दिनेश लगेच बोलला, "इफ यू डोन्ट नो, हू नोज?" पोरं हसली, आणि त्या हसण्याने माझं तोंड उघडलं. मी म्हटलं, "इफ ही क्लोजेस द चेअर, आय विल गो टु हिज ऑफिस. एव्हरी डे. आय विल सिट देअर अँड आय विल नॉट गेट अप."  ते खरं होतं, बोलेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं एवढंच. दिनेश गर्रकन वळला, "सर, इफ बाई सिट इन युवर ऑफिस एव्हरी डे, व्हॉट यू विल डू?" आता माझी वाट लागली, असं वाटलं. हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग बसल्या जागेवरून म्हणाले, "इफ शी सिट्स... देन आय विल हॅव टु गिव्ह हर टी." पोरांनी जो गलका केला! नंतर सगळा तास कुणाचं तोंड बंद झालं नाही. मला विचारलं, बाई, तुम्ही मार्व्याला आलात तर होडीत बसाल का? शाळा नसती तर काय केलं असतं? मी कोळंबी सोलते का? मी सगळं सांगितलं.

तास संपल्यावर व्हरांड्यात हेडसर म्हणाले, "चालू दे. भिंत पडली तर तुम्ही जबाबदार." दोन पावलं जाऊन परत आले. "परेराबाईंनी मला कितीदा बोलावलं होतं त्या खुर्चीवर. मला वाटायचं, उगाच पोरांसमोर शोभा." आणि निघून गेले. मलाही तेच वाटायचं.

तू म्हणशील, चला, शुभी सुधारली. तसं काही नाही हं. चुका सोडून द्यायच्या तुझ्या पद्धतीला माझा विरोध आहे, कायम राहील. आता तासाच्या शेवटी मी त्यांचीच वाक्यं फळ्यावर घेते आणि नीट करून देते. भारती नाक मुरडते. तू असतीस तर तूही मुरडलं असतंस, आणि मग आपण मधल्या सुट्टीत भांडलो असतो. भांडायला कुणी नाही, सेलिन. स्टाफरूममध्ये सगळे माझ्याशी इतकं जपून बोलतात की जीव नको होतो.

एक गोष्ट राहिली. हॉस्पिटलमध्ये मी शेवटची आले तेव्हा कावीळ तुझ्या डोळ्यांत पूर्ण उतरली होती. तरी तू केरळच्या त्या नर्सला विचारत होतीस की तिला इथे करमलं नाही तर ती कुठे जाईल. ती गेल्यावर तू मला उशी वर करायला लावलीस आणि म्हणालीस, "शुभे, मी परत नाही आले, तर 'क' कोण घेईल?"

मी म्हटलं, "गप गं. अभद्र बोलू नकोस. पुढच्या आठवड्यात शाळेत येशील." कुणीही हेच म्हणालं असतं. तू "बरं" म्हणालीस आणि खिडकीकडे बघत राहिलीस. मला वाटलं, घाबरली आहे, मी धीर दिला. आता तो चेहरा आठवते तर त्यात भीती होती की नाही तेही मला सांगता येत नाही. तुला फक्त ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचं होतं. आयुष्यभर ज्याला त्याला विचारत आलीस, तसंच मला विचारलंस, आणि मी तुला पाऊस-छत्रीसारखं उत्तर दिलं.

आज सकाळी हेडसरांकडे गेले होते. त्यांनी खरंच चहा मागवला. मी सांगून आले की जूनमध्ये ही पोरं दहावीत जातील तेव्हा त्यांचं इंग्रजी दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. ते हो म्हणाले.

तू परत नाही आलीस, तर 'क' मी घेईन, सेलिन. मी घेतलाय.